पीठ पुरेल तितके दिवस

मी ग्राइंडर बोलतोय, इडली-डोशाचं पीठ वाटणारा. कोइमतूरचा. हसू नका, आमच्या गावात माझ्यासारखा दगड नसलेलं एक घर शोधून दाखवा! कारखान्यात मला टाकी लावून घडवलं, पोटाखाली मोटार बसवली आणि तिलकवतीच्या लग्नात तिच्या आईने मला आहेरात दिलं. पाठवणीच्या वेळी माझ्यावर हात ठेवून ती माउली म्हणाली, "माझ्या पोरीला सांभाळ रे बाबा." मी काय सांभाळणार? गरगर फिरण्यापलीकडे मला येतं काय!

तिलका पंपांच्या कारखान्यात हजेरी लिहिते. घरी नवरा पळनिअप्पन, दोन मुलं आणि सासू रामात्ताळ. सासूला ती अत्तै म्हणते. सकाळी निघताना तांदूळ आणि उडीद भिजत घालायचे, संध्याकाळी चप्पल काढली की मला चालू करायचं. मग माझी घरघर चालू असतानाच मुलांचा अभ्यास, कपड्यांना इस्त्री, दुसऱ्या दिवसाची भाजी चिरणं. उद्याचं सगळं आज. सगळे तिला शहाणी म्हणतात आणि म्हणूनच सगळी कामं तिच्या गळ्यात घालतात. "तिलकाला सांगा, तिची तयारी असतेच." गबाळीला कुणी काही सांगत नाही. तिचं बरं असतं.

बाजारात पिठाची पाकिटं मिळतात हो. पण अत्तैचं एकच पालुपद. "पाकिटातलं पीठ आमच्या घरात यायचं नाही. तिलकाच्या हाताने कालवलं की कसं फुगून येतं!" आमच्याकडे हा हाताचा गुण मानतात. त्या कौतुकाने ती बिचारी कायमची बांधली गेली. माहेर धारापुरमला, बसने दोन तास. पण फ्रिजमधलं पीठ तीन दिवसांनी आंबतं, त्यामुळे माहेरपणही तेवढंच. आई फोनवर विचारायची, "या खेपेला किती पीठ वाटून येतेस गं?" आणि दोघी खो खो हसायच्या. मग आईने अंथरूण धरलं आणि ते हसणं बंद झालं.

त्याच सुमारास कारखान्यात कुणी साहेब ताणावर भाषण देऊन गेले. तिलका नवऱ्याला सांगत होती, "म्हणे, सगळ्यात महत्त्वाचं काम आधी करा. आणि आदल्या दिवशी तयारी ठेवा."

"मग तू भाषणाआधीच पास!" पळनिअप्पन हसला.

"तयारीत पास हो. महत्त्वाच्या कामात नापास. अम्माकडे जायचं कधीपासून राहिलंय. मी गुरुवारी जाते."

"जा की. पिठाचं तेवढं बघून जा."

बुधवारी तिने मला पुन्हा पुन्हा फिरवलं. एवढं पीठ मी जन्मात वाटलं नव्हतं. फ्रिजमध्ये डबे मावेनात. इडलीवर घ्यायची पूड झाली, मुलांचे कपडे लागले, पिशवी भरली. आईला अंगाला टोचू नये म्हणून मऊ सुती साडी घेतली होती, तीही आत गेली. म्हटलं चला, निघाली एकदाची पोरगी.

सकाळी अत्तैने फ्रिज उघडला. भरलेले डबे पाहून तिला कोण आनंद झाला! तिने तिथूनच इरोडला लेकीला फोन लावला. "अगं, पीठ भरपूर आहे, पोरांना घेऊन ये! जावयांनाही आण."

"अत्तै, मी आज अम्माकडे निघाले होते..."

"नणंद येणार आणि सून घरात नाही, बरं दिसतं का ते? अम्मा कुठे पळून चाललीय? पुढच्या गुरुवारी जा."

तिलका म्हणाली, "बरं." पिशवी कपाटावर चढली. मला असा संताप आला म्हणता! पण माझं बटण माझ्या हातात नाही. पाहुणे गेले तेव्हा डबे रिकामे होते. तिने पुन्हा तांदूळ भिजवले.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी फिरत असताना तिच्या भावाचा फोन आला. अम्मा गेली. तिलकाने फोन खाली ठेवला. माझ्या पोटात उडीद अर्धामुर्धा वाटून झाला होता. तिने पाण्याचा हबका मारला आणि तो फुलून येईपर्यंत उभी राहिली. तो काढला, तांदूळ घातले, तेही वाटले. मीठ घालून हाताने कालवलं. मला धुतलं, कारण पीठ वाळलं की खरवडून निघत नाही. मग हात पुसत बाहेरच्या खोलीत जाऊन म्हणाली, "अम्मा गेली. पीठ तयार आहे. मी निघते." आणि कपाटावरची पिशवी खाली काढली.

अत्तै रडली. अगदी मनापासून रडली. डोळे पुसत म्हणाली, "जा गं बाळा. घरची काही काळजी करू नकोस."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. तांदूळ भिजतात, मी फिरतो. आईच्या फोनचा वेळ वाचतो ना, त्या वेळात ती शेजारणीचंही पीठ वाटून देते. कुणी अडवत नाही, कारण कुणाला काही खटकतच नाही. बाबांनो, तुमच्या घरी अशी कुणी असेल, तर तिने भरून ठेवलेला डबा उघडण्याआधी तिला एवढं विचारा, तू कुठे निघाली होतीस? माझं ऐकतंय कोण म्हणा.

मला आपली एकच आशा होती. माझ्या मोटारीचा पट्टा झिजलाय. एखाद्या संध्याकाळी तुटेल, मी बंद पडेन आणि ही बाई निदान तेवढा वेळ बसून आईसाठी रडेल. परवा तिने बाजारातून नवा पट्टा आणून माझ्याच डोक्यावर खिळ्याला अडकवला. ऐनवेळी धावपळ नको म्हणून.