सालोमीबाईंच्या बाजूचा स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो, आणि तोही अर्धाच. कॉम्प्युटरला लावायच्या जोडीतला मी डावा. बटण, दिवा, विजेची वायर हे सगळं उजव्याच्या वाट्याला आलं. माझ्या पाठीत फक्त एक बारीक वायर खोचायची जागा आहे. ती वायर काढली की उजवा खुशाल वाजत राहतो आणि माझी बोलती बंद होते.

खोक्यातून बाहेर आलो ते थेट माणिकपूरला, प्रितेशच्या दुकानात. तिथे आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. प्रितेश काउंटरवरच्या भल्यामोठ्या स्पीकरवर दणदणीत गाणं लावायचा, शोकेसची काच थरथरायची आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं.

एका दुपारी बॅप्टिस्ट सर आले. निवृत्त शिक्षक, चर्चमध्ये चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवलेला माणूस. प्रितेशने सवयीने तेच गाणं लावलं आणि म्हणाला, "सर, बेस बघा ना, एकदम भारी आहे."

"प्रितेश, ढोल पुरे," सर म्हणाले. "बाई गाण्याआधी श्वास घेते, तो ऐकव."

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात त्यांच्या बायकोचं, सालोमीबाईंचं गाणं होतं. गावच्या लग्नांत बायका म्हणतात ती गाणी त्या गायच्या आणि सर साथ करायचे. भाच्याने, म्हणजे ग्लेनने, घरी रेकॉर्डिंग केलं तेव्हा सरांनी हट्टच धरला होता की व्हायोलिन गाण्यावर चढता कामा नये. म्हणून दोन माइक दोन खोल्यांत ठेवले. बाईंचा आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून यायचा, सरांचं व्हायोलिन फक्त उजव्यातून. गाताना त्या कायम सरांच्या डाव्या हाताला उभ्या राहायच्या, तीच जागा त्यांनी रेकॉर्डिंगमध्येही राखली. पुढच्याच वर्षी सालोमीबाई गेल्या.

सरांनी दुकानातली एकेक जोडी तपासली. घरी जेवढ्या अंतरावर बसणार तेवढ्यावर खुर्ची ओढली, आवाज अगदी लहान ठेवला आणि डोळे मिटले. मोठ्या आवाजात सगळेच गुणी वाटतात, असं त्यांनी प्रितेशला समजावलं. आमची पाळी सगळ्यात शेवटी आली. तिसऱ्या ओळीआधी सालोमीबाईंनी घेतलेला छोटासा श्वास माझ्यातून बाहेर पडला. गाणं संपलं तरी सरांनी डोळे उघडले नाहीत. प्रितेशने न विचारताच आमचं खोकं बांधायला घेतलं. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग सुखाची वर्षं आली. गावच्या घरात, केळीच्या बागेकडच्या खिडकीशी आमचं टेबल होतं. संध्याकाळची प्रार्थना झाली की सर आम्हा दोघांच्या बरोबर मधोमध खुर्ची ठेवायचे. आधी मऊ फडक्याने आमची धूळ पुसायचे, मग गाणं लावायचे. शेजारची माणसं ओट्यावर येऊन बसायची आणि सालोमी घरातच आहे असं वाटतं म्हणायची. दुसऱ्या दिवशी सरांचं फडकं जरा जास्तच वेळ फिरायचं.

पुढे काचबिंदूने सरांची दृष्टी गेली. मुलगा ॲल्रॉय त्यांना आपल्या चंदनसारच्या फ्लॅटवर घेऊन आला. सरांच्या पलंगाशी एक अरुंद फळी होती. सून प्रिस्का म्हणाली की दोन स्पीकर मावत नाहीत, एकच लावू. एकातूनही गाणं सगळंच येतं, असं दोघांनाही वाटलं. उजवा फळीवर बसला आणि मी त्याच खोलीच्या माळ्यावर गेलो.

पहिल्याच संध्याकाळी सरांनी गाणं लावायला सांगितलं. व्हायोलिन वाजू लागलं. सर वाट बघत राहिले. ओळ आली आणि गेली, श्वासाची जागा आली आणि गेली.

"ॲल्रॉय, दोन्ही लावलेत ना?"

"हो पप्पा, दोन्ही लावलेत," ॲल्रॉय दारातूनच म्हणाला.

तो काही वाईट मुलगा नव्हता. ऑफिसातून दमून आला होता. माळ्यावर चढायचं तर शेजाऱ्यांची शिडी आणावी लागली असती. आणि वडिलांजवळ बसून गाणं ऐकायची त्याला सवयच नव्हती. पण सरांनी मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दोष स्वतःच्या कानांना दिला. डॉक्टर झाले, कानाचं यंत्र झालं. यंत्र लावून त्यांनी पुन्हा गाणं ऐकलं. माळ्यावर मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण वायरीशिवाय मी निव्वळ लाकडाचा डबा.

"बंद कर," सर शेवटी म्हणाले. "माझं वाजवणं तेवढं उरलंय. तुझी आई त्यातून निघून गेली."

पुन्हा त्यांनी गाणं लावायला सांगितलं नाही. त्यानंतर आठ महिन्यांनी ते वारले.

त्यांच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे स्मरणाच्या प्रार्थनेला, पाहुणे येणार होते. शेजाऱ्यांची शिडी आणून माळ्यावरच्या जादा खुर्च्या काढताना नात रीमाला मी सापडलो. तिने मला फ्रॉकच्या टोकाने पुसलं, उजव्याशेजारी ठेवलं, वायर खोचली आणि आजोबांचं गाणं लावलं. इतक्या दिवसांनी माझ्या तोंडून सालोमीबाई गाऊ लागल्या. तिसऱ्या ओळीआधी त्यांनी श्वास घेतला.

ॲल्रॉय आतल्या खोलीतून आला. त्याने उजव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रिकाम्या पलंगावर बसला.

"पप्पांनी मला विचारलं होतं," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वायर जपा, हे मी सांगेनच. पण ते नाही केलंत तरी मी रागावणार नाही. एवढंच करा, घरातलं म्हातारं माणूस काही विचारेल तेव्हा बसल्या जागेवरून हो म्हणू नका. उठा, बघा आणि मग सांगा. मला खाली काढायला रीमाला पाच मिनिटंही लागली नव्हती.