बाहेरची कडी

"कडी आतून बसवा, मिस्त्री," चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं सांगून धाकटे मालक पुढच्या खोलीकडे वळले.

मिस्त्रींच्या हातातला रंधा थांबला. कोठीशेजारच्या खोलीचं दार सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं निजलं होतं. "मालक, कडी बाहेरूनच होती."

धाकटे मालक मागे फिरले. वय पंचावन्न, पण गावाला ते अजून धाकटेच. मळ्यातलं हे आजोबांचं घर त्यांनी गावाच्या इतिहासाचं संग्रहालय करायला दिलं होतं, आणि समितीचे प्रमुखही तेच होते. सात महिने त्यांचा एकच हेका होता, मूळ होतं तस्संच हवं. फडताळात एक नवा स्क्रू सापडला तर अख्खं फडताळ उतरवायला लावलं होतं त्यांनी.

"होती हो बाहेर. पण उद्घाटन झालं की शाळेची पोरं येणार. विचारतील, बाहेरून कडी कशाला?"

"मग सांगायचं."

"काय सांगायचं?"

मिस्त्रींनी रंध्यातला भुसा फुंकला. उन्हाच्या तिरिपेत भुसा तरंगत होता.

"पाटीवर काय लिहिलंय आपण? कामाच्या मुली इथं घरच्यासारख्या राहत. घरच्यांना कुणी कोंडतं का?" मालक हसले. "चुकला असेल तुमच्यासारखाच एखादा सुतार."

"सुतार चुकला नव्हता," मिस्त्री म्हणाले. रंधा खाली ठेवला, हात झटकले. "दार दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

मिस्त्रींची थोरली बहीण, ताई, नऊ वर्षांची असताना या घरात कामाला आली होती. आई गेलेली, भाऊ चार वर्षांचा, चूल पेटवावी एवढंही घरात काही नव्हतं. ताईच्या कामावर या घरातून धान्य यायचं आणि त्या धान्यावर भाऊ वाढायचा. दिवस कलला की मालकीणबाई खोलीला बाहेरून कडी घालत, उजाडलं की काढत. नऊ वर्षं. बापाचा हात धरून धान्य न्यायला पहाटे आलेला भाऊ कडी निघायची वाट बघत अंगणात उभा राहायचा. आणि या आठवड्यात दार उलटं केलं तेव्हा त्याला आतल्या फळीवर, खाली, तळहाताएवढी जागा गुळगुळीत झालेली सापडली होती. बसलेल्या पोरीचा खांदा टेकेल एवढ्याच उंचीवर. रंध्यानं असं गुळगुळीत होत नाही, हे चाळीस वर्षं रंधा मारणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं.

घरी ताई शेंगा सोलत बसली होती. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, जरा छाती काढूनच. ताईनं एक शेंग मोडली, दाणे बघितले.

"बसव की आतून."

"ताई!"

"ओरडू नकोस, बहिरी नाही मी." तिनं सूप बाजूला सारलं. "सासरी पहिल्या दिवशी काय सांगितलं मी, ठाऊक आहे? मालकिणीनं लेकीसारखं ठेवलं. सासूला तेच, जावांना तेच, सुनांना तेच. कोंडलेली पोर म्हटलं की लोक तिथं थांबत नाहीत रे. चोरी करायची का? पळून जायची का? की आणखी काही होतं? पन्नास वर्षं ते दार मी नुसत्या तोंडानं फिरवून ठेवलंय, आणि तू आता गावाला दाखवायला निघालास?"

"पण खरं काय ते—"

"खरं माझं आहे. त्यांचं नाही, अन् तुझंही नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मुकाट कामावर गेले. "आलात ना शेवटी," मालक म्हणाले. मिस्त्रींनी बाहेरचा कडी-कोयंडा उपसून आतून बसवला. जुन्या भोकांत त्याच लाकडाच्या गुल्ल्या ठोकल्या, रेघेला रेघ मिळवली, तेलपाणी केलं. उभ्या आयुष्यात इतकं सफाईचं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. बघणाऱ्याचं नख अडकलं नसतं कुठं. खालच्या गुळगुळीत जागेला तेवढा त्यांनी हात लावला नाही.

उद्घाटनाला ताईला मानानं बोलावलं. ठेवणीतले कपडे घालून ती आली.

"आजी, तुम्ही इथंच राहायचात ना? कसं होतं तेव्हा?" माहिती सांगणाऱ्या मुलीनं खोलीच्या दाराशी विचारलं.

"लेकीसारखं ठेवलं हो मला," ताई म्हणाली. एक शब्द अडखळला नाही.

टाळ्या पडल्या. धाकट्या मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते डोळे खरंच भरून आले होते, आणि मिस्त्रींना नेमकं तेच गिळवेना.

मग दहा-बारा माणसं दाटीवाटीनं आत शिरली. उंबरा ओलांडताना ताईनं भावाची बाही पकडली. "तू दारात थांब."

"का गं?"

"थांब म्हटलं ना."

मिस्त्रींनी एक पाय उंबऱ्यावर ठेवला, पाठ दाराला लावली. आत मुलगी छताबद्दल, कोनाड्याबद्दल बोलत होती. ताई हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्यांच्या मधोमध उभी होती, आणि तिची नजर एकदाही दारावरून हलत नव्हती.

"मिस्त्रीकाका, जरा बाजूला होता का?" मुलगी म्हणाली. "दार लावून दाखवायचंय सगळ्यांना, आतली कडी."

"जमणार नाही," मिस्त्री म्हणाले, आणि दुसराही पाय त्यांनी उंबऱ्यावर रोवला.