पहिल्या नंबरचं गाणं

शहरांतल्या डान्स क्लबमध्ये सर्वाधिक वाजणाऱ्या गाण्यांची क्रमवार यादी दर शुक्रवारी फोनवर आली, की टीनाचा जीव थाऱ्यावर राहत नसे. सानगडी गावात भातगिरणीच्या वरच्या खोलीत ती बायकांना नाच शिकवायची. यादीतला पहिला नंबर बदलला, की सोमवारी तिच्या क्लासमधलं गाणंही बदलायचं. आईच्या आजारपणात नागपूरचा नाचाचा कोर्स अर्ध्यावर सोडून ती गावी आली होती. आई बरी झाली, टीना मात्र इथेच अडकली. निदान गाण्यांच्या बाबतीत तरी जगाच्या मागे पडायचं नाही, हा तिचा हट्ट.

क्लासमध्ये सगळ्यांत मोठ्या निर्मलाबाई. घरची धानाची शेती, दोन सुना, वय पंचावन्न. मार्चमधलं पहिल्या नंबरचं गाणं जमायला त्यांना तीन आठवडे लागले, आणि जमलं त्याच दिवशी टीनाने ते बंद केलं.

"काहून बदलवून राहिली वं? आत्ता कुठं पायात बसलं."

"ते खाली गेलं काकू. आता दुसरं वर आहे."

"गेलं तं जाऊ दे. आमाले का निवडणूक लढाची हाय?"

बायका खदखदून हसल्या. टीनाने नवं गाणं लावलं आणि आवाज वाढवला.

जुलैत धानाची रोवणी लागली, बायका शेतात गेल्या आणि खोली ओस पडली. त्या तीन आठवड्यांत पहिला नंबर दोनदा बदलला. टीनाने आरशासमोर एकटीनेच दोन्ही गाणी बसवली. बायका परतल्या तोवर दोन्ही शिळी झाली होती. मग सप्टेंबरात एकच गाणं वर चढून बसलं, ते हलेचना. बायकांना बरं वाटलं. टीना मात्र दिवसातून दहादा फोन उघडून बघायची, कोणी तरी आपल्याला कोंडून ठेवल्यासारखी.

ऑक्टोबरात गिरणीच्या जिन्यावरून उतरताना तिचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी महिनाभर नाच बंद सांगितला.

"क्लास बंद ठेवू," ती म्हणाली.

"कायले? तू खुर्चीत बस, मी घेतो," निर्मलाबाईंनी पदर खोचला आणि मार्चचं गाणं लावायला सांगितलं.

अकरा बायका नाचल्या. टीनाकडे कोणी पाहिलं नाही, आरशाकडेही नाही. खालच्या गिरणीची धडधडही गाण्यात मिसळून गेली. त्या इतक्या छान नाचतात, हे टीनाला ठाऊकच नव्हतं. आजवर ती पुढच्या गाण्याच्याच विचारात असायची. तिला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला. तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवार होता.

"नवीन आलं!" ती जवळजवळ ओरडली.

एकही पाय थांबला नाही.

दोन दिवसांनी घरी ती म्हणाली, "आई, मी इथं राहिली तं त्यांनाही सुखानं नाचू देणार नाही."

"मंग जा ना. तुले कोणी धरून ठेवलं?" आई म्हणाली.

डिसेंबरात वर्षभरातल्या सगळ्या पहिल्या नंबरांची यादी आली. तेरा गाणी. बायकांना त्यातली चारच पक्की येत होती. टीनाने ती चार निर्मलाबाईंच्या फोनमध्ये भरून दिली, खोलीची चावी त्यांच्या हातात ठेवली आणि जानेवारीत कोर्स पुरा करायला नागपूरची बस धरली.

वाटेतल्या साकोलीपर्यंत तिने तीन वेळा निर्मलाबाईंना फोन लावला. त्यांनी एकदाही उचलला नाही. क्लासची वेळ होती.