सातही कप्प्यांत पिवळी गोळी

मित्रांनो, मी सात कप्प्यांचा, गोळ्या ठेवायचा एक जुना डबा आहे. कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या झाकणांवर सोमवार ते रविवार अशी सुबक अक्षरे उमटली. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मुलाने मला विकत आणले. सांध्यांच्या आजाराने बाईंची बोटे सुजली होती. त्यांना सुईत दोरा ओवता येईना.

मुलगा मोठा टापटिपीचा. दर रविवारी तो माझे कप्पे रक्तदाबाच्या गोळ्यांनी भरी. शेजारीण म्हणे, "मुलगा असावा तर असा!" ते ऐकून मीही फुशारून जाई.

मग डॉक्टरांनी सांध्यांसाठी एक पिवळी गोळी लिहून दिली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. औषधवाल्याने मात्र गर्दीत, हाताच्या सवयीने, पाकिटावर 'रोज एक' असे लिहिले. मुलाने माझ्या सातही कप्प्यांत एकेक टाकली.

"अरे, डॉक्टर आठवड्यातून एकच म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

"मग पाकिटावरचं खोटं का? काल चष्मा फ्रीजमध्ये ठेवलास, आणि डॉक्टरांचं बोलणं बरं लक्षात राहिलं तुझ्या!"

बाई रोज एक पिवळी गोळी गिळू लागल्या. आठव्या दिवशी त्यांचे तोंड आतून सोलवटले. पाणीसुद्धा झोंबू लागले.

"आज गोळी नको रे."

"नाटकं पुरे, आई. आ कर."

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी बाई तापाने फणफणल्या. अंगावर काळेनिळे डाग उठले. रुग्णालयात तपासणी झाली. शरीरात नवे रक्त तयार होणेच थांबले होते.

"ही गोळी या रोज घेत होत्या?" तिथल्या डॉक्टरांनी विचारले.

"आई विसराळू आहे हो. घेतल्या असतील चुकून जास्त."

बाई शुद्धीवर होत्या. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. डॉक्टरांनी मला औषधांच्या पिशवीतून काढले आणि उरलेली झाकणे उघडली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. प्रत्येकात एक पिवळी गोळी.

"येत्या रविवारची गोळीपण यांनीच विसरून भरली का?"

शनिवारी बाई गेल्या.

मित्रांनो, मला कप्पे आहेत, अक्कल नाही. जे भराल ते मी मुकाट्याने सांभाळतो. पण गोळी ज्याच्या पोटात जाणार, तो 'नको' म्हणाला तर आधी डॉक्टरांना विचारा. त्याच्या विसराळूपणाला हसायचे असेल, तर नंतर हसा.