चारशे बारा थंड यंत्रे

"ग्रिडमधील सत्त्याण्णव टक्के यंत्रे सदैव कार्यरत असून रांगेत कोणावरही अन्याय होत नाही." सात संस्थांनी आपापली संगणक-यंत्रे एका जाळ्यात बांधली, त्या दिवशी हे वाक्य चौकटीत बसवून यंत्रगृहाच्या दारावर लावण्यात आले. ऑपरेटरताई ते सव्वीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची चार वर्षे रोज वाचत आल्या होत्या. आकडा खरा होता. खोटेपणा 'कार्यरत' या शब्दात दडला होता. आणि अन्याय होत नाही हे ज्यांनी ठरवले, त्यांपैकी एकही जण कधी रांगेत उभा राहिलेला नव्हता.

त्या वाक्याला पहिला तडा एसीवाल्याने दिला.

"ताई, महिनाभर एसी निम्म्यावर चालवतोय, तरी खोली गारच. उपाशी ठेवलीत का मशीनं?"

ताई हसल्या, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. गणित करणारे यंत्र मागून गरम वारा फेकते. त्यांनी पहिल्या ओळीतल्या यंत्रांमागे हात धरला. बर्फ. पडद्यावर मात्र त्याच यंत्रांपुढे लिहिलेले: 'काम सुरू, माहितीच्या प्रतीक्षेत.' काम मोठ्या सरांच्या विभागाचे. माणसे बाकावर रुमाल टाकून जागा धरतात. विद्वानांनी त्यासाठी प्रोग्राम लिहिला होता, एवढाच फरक.

आणि खाली रांगेत नऊ दिवस ताटकळत होती पूरवाली. नदीच्या पुराचे गणित करणारी ही संशोधक रोज एकदा वर येऊन जाई.

"ताई, लागेल ना हो नंबर? शुक्रवारी धरणवाल्यांना आकडे द्यायचेत. दरवाजे किती उघडायचे ते त्यावरच ठरणार. खाली तीन गावं आहेत."

ताई मोठ्या सरांकडे गेल्या.

"सर, तुमची मशीनं थंड आहेत."

"माहितीची वाट बघतायत. स्क्रीन वाचता येतो ना तुम्हाला?"

"वाचला. महिना झाला, तेच लिहिलंय."

"मग हात कशाला लावता? ताप बघायला हा दवाखाना आहे का?" सर कागदांतून मान वर न काढता म्हणाले. "रांग तुम्ही सांभाळा, ताई. गणित आमच्यावर सोडा."

संशयाचे एक असते, त्याला एकदा घरात घेतले की तो सगळ्या खोल्यांतून हिंडतो. ताईंचा पडद्यावरचा विश्वास उडाला, मग अहवालांवरचा, मग दारावरच्या चौकटीवरचा. उरला फक्त तळहात. गुरुवारी दुपारी त्यांनी ट्रॉलीवर संगणक ठेवला आणि ओळीओळीने निघाल्या. यंत्रामागे हात धरायचा. गार लागले की त्यावरचे काम बंद. दोन तासांत चारशे बारा.

मोकळी यंत्रे रांगेतल्या कामांनी भराभर व्यापली. पंखे घोंघावू लागले. एसीवाला धावत आला.

"आता जेवली बघा पोटभर," तो म्हणाला आणि त्याने थंडी वाढवली. कित्येक दिवसांनी ताईंनी चहा गरम असताना प्यायला.

चार वाजता पूरवाली दारात उभी होती.

"ताई, माझा जॉब दिसत नाहीये."

"तुझा रांगेत असेल. आता लागेल बघ."

"नाही, सकाळी सहालाच लागला होता. सहा तासांचा पहिला भाग झाला, मग पावसाचे आकडे दुसऱ्या केंद्रातून यायचे होते, त्यासाठी थांबला होता. आत्ता आले आकडे. जॉबच नाही."

ताईंनी यादी उघडली. बंद केलेल्या कामांत, तीनशे सातव्या ओळीत, ते होते.

"पुन्हा टाक. मी सगळ्यांच्या पुढे लावते."

"पहिल्यापासून बावीस तास लागतात, ताई. उद्या सकाळी दहाला द्यायचंय."

"मग धरणवाले काय करतील?"

"अंदाजानं उघडतील." ती जायला वळली. "सकाळी लागल्या लागल्या वर येऊन सांगायला हवं होतं का मी?"

ताईंनी यादी बंद केली.

चौकशी बसली. आरोप: चारशे बारा मौल्यवान संशोधनकार्यांचा नाश. ती मौल्यवान कार्ये थंड का होती, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता. बैठकीआधी मोठे सर स्वतः ताईंच्या टेबलापाशी आले. एरवी ते तिकडे फिरकतही नसत.

"तांत्रिक बिघाड असं लिहा, ताई. मिटवून टाकू. तुमची नोकरीही राहील. कशाला उगाच खोलात जायचं?"

खोलात गेल्यावर काय सापडेल, हे दोघांनाही ठाऊक होते. ताईंनी कोरा कागद मागितला. आरोपीचा जबाब म्हणून समितीच्या दप्तरी जे दाखल आहे, ते शब्दशः असे:

"बिघाड झाला नव्हता. कामे मी बंद केली. त्यांतील चारशे अकरा खोटी होती. त्यांबद्दल मला खेद नाही. एक खरे होते. पहिल्या साठ कामांवर कोणाचे नाव आहे ते मी वाचले. सगळीकडे एकच नाव होते. त्यापुढची नावे मी वाचली नाहीत."