मांडववाल्याचा रॅम्प

शालिग्राम आबांच्या कॉलेजात त्या आठवड्यात नुसती लग्नघाई उडाली होती. कॉलेजांना ग्रेड देणारी नॅकची समिती यायची होती ना! वर्षानुवर्षं न उघडलेल्या खिडक्या पुसल्या जात होत्या. कुंड्या ट्रॅक्टरमधून उतरत होत्या आणि धुळ्याच्या ओळखीच्या कॉलेजातून उसनी आणलेली पुस्तकं कपाटात रचून ग्रंथपालाची कंबर धरली होती. रावेर तालुक्यातले लोक पाहुण्यांच्या सरबराईत कधी कमी पडतात का? भरीत, कळण्याची भाकरी, फेटे, औक्षण, सगळं ठरलं होतं.

तयारी बघायची ती कामिनीने. ती आबांची थोरली सून, आणि याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. त्या सकाळी ती मुख्य पायऱ्यांपाशी आली आणि थबकली. मगन मांडववाला पायऱ्यांवर फळ्या टाकून त्यावर प्लाय ठोकत होता. शेजारी हिरव्या गालिच्याची गुंडाळी पडली होती.

"मगनभाऊ, हे काय?"

"रॅम्प, मॅडम! आबांनी सांगितला. समिती गेली का उचलून नेतो, परवा चिनावलला लग्नाचं स्टेज हाये माह्यं."

कामिनीला नासीरभाई आठवले. रिक्षा चालवणारे नासीरभाई आपल्या मिसबाहला रोज पाठुंगळी घेऊन या उंच पायऱ्या चढायचे. पोरीचे दोन्ही पाय लहानपणीच लुळे पडलेले, पण डोकं असं की वर्गात तिच्या पुढे कुणी नाही. मागच्या महिन्यात ते कामिनीला म्हणाले होते, "मॅडम, मणक्यात गॅप आहे. डॉक्टर बोलतो, आता वजन उचललं तर तूच झोपशील. रॅम्प झाला तर ठीक, नाहीतर पोरगी घरी बसणार." आणि कामिनीने छातीठोकपणे सांगितलं होतं, "समिती येतेय नासीरभाई, त्या निमित्ताने होणारच!"

तिने तडक आबांची केबिन गाठली.

"आबा, तो रॅम्प मिसबाहसाठी पक्का बांधायचा होता ना?"

"बांधू ना! आधी ग्रेड तं येऊ दे," आबा चहा बशीत ओतत म्हणाले. "आन् हे बघ, त्या पोरीले दोन दिवस घरीच राहू दे. तिची ती लोखंडी खुर्ची प्लायवर चढली तं बठ्ठा रॅम्प खाली येईन. समितीसमोर शोभा नको."

"मग खुर्चीत कोण बसणार? दिव्यांग विद्यार्थिनी आहे असं आपण कळवलंय."

"आपली ऋतिका हाये ना. हलकी पोरगी. जळगावहून हलकी खुर्ची मागवली म्या. दोन मिनिटांचं तं काम!"

ऋतिका म्हणजे कामिनीची लेक, मिसबाहच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसणारी. कामिनीच्या जिभेवर 'नाही' आलं होतं हो, अगदी टोकावर आलं होतं. पण सासऱ्यापुढे बोलायची सवय नव्हती, आणि कॉलेज घरचं. ती बाहेर आली आणि तिने मिसबाहच्या घरी फोन लावला. हसीनाबींनी उचलला.

"दोन दिवस मिसबाहला पाठवू नका. गर्दी असेल, उगाच धक्काबुक्की..."

"किती खयाल ठेवता मॅडम तुम्ही आमच्या पोरीचा!" हसीनाबी म्हणाल्या. "तिनं नवा ड्रेस शिवला होता समितीसाठी. पण तुम्ही म्हणता तर राहील घरी."

समितीच्या दिवशी सकाळी ऋतिका त्या चकचकीत खुर्चीपाशी उभी राहिली. "आई, खरंच बसू?" तिने विचारलं. कामिनीने मान वळवली आणि म्हणाली, "बस." लेकीला लबाडी शिकवायला आईला एवढा एकच शब्द पुरला.

बाकी सगळं झोकात पार पडलं. समितीतल्या बाईंनी खुर्चीजवळ वाकून मायेने विचारलं, "काही अडचण येते का बाळा?" ऋतिका खाली बघत "नाही" म्हणाली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कामिनीला वाटलं, ही जमीन दुभंगली तर बरं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात रॅम्पवर खुर्चीत बसलेल्या ऋतिकाचा मोठा फोटो छापून आला.

सोमवारी नासीरभाईंची रिक्षा फाटकातून आत आली ती हॉर्न वाजवतच. मागे लोखंडी खुर्ची बांधलेली. नासीरभाईंनी उतरून पायऱ्यांकडे पाहिलं, मग इमारतीच्या दोन्ही बाजूंना जाऊन पाहिलं.

"मॅडम, रॅम्प कोणत्या बाजूला केला? पेपरात पाहिला ना आम्ही."

कामिनी पायऱ्यांवर उभी होती. तेवढ्यात रिक्षातून मिसबाहने डबा पुढे केला.

"मॅडम, ऋतिकाचा पाय कसा आहे? फोटोत पाहिलं तेव्हापासून मला चैनच नाही. फोन केला तर उचलत नाही ती. दोन दिवस रडले मी. अम्मी बकऱ्याच्या पायाचं सूप करणार होती, पण तुमच्यात चालत नाही म्हणून डिंकाचे लाडू दिलेत. हाड लवकर जुळतं म्हणे."

व्हरांड्यात खांबाआड ऋतिका उभी होती. मिसबाहची नजर तिच्यावर गेली.

"अगं, उभी आहेस की तू! बरी झालीस?" मिसबाहचा चेहरा फुलला. ऋतिका रडायला लागली. मिसबाहने तिच्याकडे पाहिलं, कामिनीकडे पाहिलं, रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"रॅम्प नव्हताच मिसबाह," कामिनी म्हणाली. "लग्नाच्या मांडवाचं प्लाय होतं ते. तुला मुद्दाम घरी ठेवलं. फोन मी केला. माझ्या पोरीला तुझ्या जागी मी बसवलं."

पाठ करून नासीरभाई पोरीपुढे वाकले, नेहमीसारखे.

"नको अब्बू," मिसबाह म्हणाली. "घरी चला."

रिक्षा वळली. या वेळी हॉर्न वाजला नाही.

कामिनी डबा घेऊन केबिनमध्ये शिरली आणि तो आबांच्या टेबलावर ठेवला.

"कोनं देल्लं हे?" आबांनी लाडू उचलत विचारलं.

"मिसबाहच्या आईने. तुमच्या नातीचा मोडलेला पाय लवकर जुळावा म्हणून. खा ना आबा."

आबांचा हात तोंडापाशी थांबला.

"मी आज समितीला सगळं कळवते आहे," कामिनी म्हणाली. "माझ्या नावासकट आणि ऋतिकाच्या नावासकट."

"येडी झाली का? ग्रेड जाईन! घरचं मानूस घराले काळं फासते का कधी?"

"काळं फासून झालंय आबा. ते पेपरातही छापून आलंय, आपण दिवाणखान्यात लावायला कात्रण काढलंय त्याचं."

आबांनी लाडू डब्यात परत ठेवला. कामिनीने त्यांच्यासमोरच खुर्ची ओढली आणि लिहायला बसली. पहिली ओळ तिने खोडली आणि पुन्हा लिहिली. दाराशी येऊन उभी राहिलेली ऋतिका म्हणाली, "आई, खाली मीही सही करते."