न ओढलेली डबल बेल

या, असं पुढं सरकून बसा. मागं कशाला? इथं सतरंजी मोकळी आहे. आज गोष्ट सांगायची आहे ती केडगावच्या मालनबाईंची. देवाच्या नावात रंगलेल्या माणसाच्या हातूनही काय घडून जातं, ते नीट ऐका.

मालनबाईंचा जीव कीर्तनात. सत्तरीला टेकल्या, गुडघे कुरकुरायला लागले, पण कुठं सप्ताह लागल्याचं कानावर आलं की बाई निघाल्याच टाळ घेऊन. एरवी टाळ फडक्यात गुंडाळून पिशवीत. त्या सकाळी सावेडीला काल्याचं कीर्तन होतं आणि घरातून निघायला उशीर झालेला, म्हणून टाळ तसेच गळ्यात अडकवून त्यांनी शहर बस गाठली. जागा मिळाली ती थेट ड्रायव्हरच्या पाठीमागं.

बस अजीजची. "हा गाडी चालवतो का वरात?" असं लोक म्हणायचे, पण म्हातारं माणूस टेकल्याशिवाय गाडी न हलवणारा तो एकटाच. कंडक्टर आरती, पाथर्डीकडची पोरगी, लागून अजून महिना व्हायचा होता. जीभ मात्र तिखट.

"ओ काका, पुढं सरका की. पुढं काय सासुरवाडी हाय का तुमची, लाजताय ते?"

लोक हसायचे. काही मनातही धरायचे.

गाडी जुनी होती. कंडक्टरनं वरची दोरी ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजायची. एकदा वाजली तर थांब, दोनदा वाजली तर चल. दोनदाला सगळे डबल बेल म्हणतात.

दिल्लीगेटला बस थांबली. मागच्या दारातून पुष्पावतीबाई नावाच्या एक बाई उतरत होत्या, हातात भाजीची पिशवी, एक पाय पायरीवर, एक अधांतरी. आरती मधे उभी, हात दोरीवर, नजर त्यांच्या पायाकडं. आणि पुढं मालनबाईंचे डोळे मिटलेले. त्यांचं कीर्तन मनात कधीच सुरू झालं होतं. बोटं आपसूक टाळांकडं गेली.

ठण्ण, ठण्ण.

अजीजनं गाडी सोडली.

मागून किंकाळी आली. करकचून ब्रेक लागला. पुष्पावतीबाई रस्त्यावर आडव्या, टोमॅटो पार गटारापर्यंत गेलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, हे नंतर कळलं. लोकांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात धाडलं आणि मग सगळी गाडी आरतीवर उलटली.

"ए बाई, माणूस उतरायच्या आत डबल मारतीस?"

"मी न्हाई मारली!"

"मग काय भुतानं मारली? हात तर दोरीवरच होता तुझा!"

अजीज गाडी बंद करून मागं आला. "आरती, दोन वाजल्या बेटा. माझ्या कानांनी ऐकल्या."

"चाचा, खोटं बोलू नका!"

"मी कशाला खोटं बोलू?"

एकानं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. "बोल, आता बोल ना फाडफाड!"

आरती बोलायला गेली आणि रडली. तेवढंच मोबाईलात आलं.

मालनबाईंना सगळं कळलं होतं. दोघंही खरं बोलत होते. पण देवाच्या टाळानं कुणी पडतं व्हय, असं त्यांनी मनाला समजावलं आणि टाळ हळूच पदराखाली सरकवले. कोणी पाहिलं नाही.

सावेडीच्या मंडपात बुवा रंगात आले होते, हंडी फुटायची वेळ झाली होती. शेजारच्या मुक्ताबाईंनी कोपरानं ढोसलं.

"मालन, टाळ धर की गं. आज हात का आखडला?"

मालनबाईंनी टाळ उचलले. पण एकावर एक येईनात. काल्याचा प्रसाद रांगेतून पुढं यायला लागला, तशा त्या उठल्या.

"अगं, काला न घेता?"

"घशाखाली उतरायचा न्हाई," म्हणाल्या आणि रिक्षा करून थेट बसच्या ऑफिसात गेल्या.

तिथं हर्षल नावाचा सुपरवायझर अजीजला समोर बसवून अपघाताचा कागद लिहीत होता. ऐकून हसला. "आजी, टाळ कुठं आणि बेल कुठं! तुम्ही घरी जा."

"अजीजला गाडीत बसव बाळा. आन् माझ्याकडं बघू देऊ नको."

अजीज उभ्या गाडीत बसला. नजर समोर. मालनबाईंनी त्याच्या पाठीमागच्या सीटवरून टाळ दोनदा वाजवले. अजीजचा पाय क्लचवर गेला, हात गिअरवर. मग त्याला उमगलं आणि त्यानं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं.

"आरसा बघायला पाहिजे होता मावशी," तो म्हणाला. "बेल कुणाचीही असू दे. आरशात बाई दिसली असती. साहेब, हे माझ्या नावावर लिहा."

पण आरती गेली होती. तिकिटाचं मशीन टेबलावर ठेवून, उद्यापासून येऊ नको हे ऐकून. अजीजनं फोन लावला, स्पीकर चालू केला.

"पोरी, मी मालन. ड्रायव्हरच्या मागं बसलेली. ते माझे टाळ वाजले गं."

"गाडीतच का न्हाई बोललात, आज्जी?"

"भ्याले."

"माझा व्हिडिओ गावाकडं गेलाय. आई उसाच्या फडात हाय, तिथं तिला कुणीतरी दाखवला. घंटी का वाजवलीस म्हणून मलाच रागावली. आईलासुदिक खरं वाटंना."

हर्षल खाकरला. "आरती, उद्या ये कामावर. मी बघतो वरती काय सांगायचं ते."

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आठवडाभरानंही नाही. अजीजला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. मालनबाईंनी दवाखान्यात जाऊन पुष्पावतीबाईंना सगळं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. मालनबाई रोज डबा घेऊन जातात. कधी उघडला जातो, कधी नाही.

तो व्हिडिओ अजून फिरतोय. मालनबाईंनी ऑफिसात काय सांगितलं, ते त्यात नाही. म्हणून तर तुम्हाला एवढं जवळ बोलावलं. तुमच्याही मोबाईलवर तो कधी येईल, कुणी हसत हसत पुढं करील. तेव्हा हसू नका. त्याला सांगा, पोरीचं नाव आरती आहे आणि दिल्लीगेटला तिनं दोरी ओढली नव्हती. एवढी तिची आठवण ठेवा, माउली.